तोंडात मावेल ते तळाशी नको

दुकानातून पिशवीत घालून आणलेलं ऑस्करचं पिल्लू जेमतेम दोन इंचांचं असतं. त्याच काउंटरवर निळ्या, गुलाबी, पोपटी खड्यांची पाकिटं रचलेली असतात. मासा घेतलाच आहे तर दोन पाकिटंही घरी येतात. टाकी सजते, पोरं खूश होतात. वर्षभरात ते पिल्लू वीतभर होतं आणि त्याच्या जबड्यात माणसाचा अंगठा आरामात जाईल अशी वेळ येते. खडे मात्र होते तेवढेच राहतात.

ऑस्कर मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. लुई अगासी या शास्त्रज्ञाने १८३१ साली त्याचं पहिलं वर्णन केलं, तेही त्याला समुद्रातला मासा समजून! हा सिक्लिड कुळातला, आणि ते कुळ आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. उजनीच्या पाण्यात जाळ्याला लागणारी चिलापी याच कुळातली, गोव्याच्या खाडीतलं कालुंदरही. चिलापीचा नर विणीच्या वेळी उथळ तळाशी थाळीसारखा गोल खड्डा उकरतो, तोंडाने. हातपाय नसलेल्या प्राण्याला घर बांधायचं म्हटलं की तोंडच फावडं आणि तोंडच घमेलं.

सिक्लिडांच्या घशात आणखी एक जबडा असतो. पुढच्या जबड्याने उचलायचं, मागच्याने चुरडायचं, अशी वाटणी. याच कुळात ‘जिओफॅगस’ नावाचे मासे आहेत. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ माती खाणारा. खरं तर ते माती खात नाहीत, चाळतात. वाळूचा घास घेतात, त्यातले किडे ठेवतात आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून धुरासारखी बाहेर सोडतात. ऑस्कर इतका निष्णात नाही, पण तळावर पडलेला खाऊ उचलताना भोवतालचं जे असेल ते त्याच्याही तोंडात जातं.

म्हणून मोठ्या सिक्लिडसाठी तळाला काय घालायचं हे माशाच्या तोंडावरून ठरतं. मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक वाळू आत गेली तरी कल्ल्यांतून निघून जाते. मुठीएवढा गोटा तोंडात मावतच नाही. घोळ आहे तो मधल्या मापाचा. हरभऱ्यापासून सुपारीपर्यंतचे खडे जबड्यात अडकू शकतात, खाऊबरोबर गिळले गेले तर आतडं तुंबू शकतं. दुकानात सर्वाधिक विकलं जातं ते नेमकं हेच माप. त्यातून खडे स्वस्त रंग फासलेले असतील तर काही महिन्यांत रंगाच्या खपल्या पाण्यात तरंगायला लागतात.

वाळू म्हटलं की कुणाची तरी नजर गल्लीतल्या बांधकामाकडे वळतेच. तिथे थोडं थांबावं. हल्ली तिथे बहुतेक वेळा क्रश सँड पडलेली असते, म्हणजे यंत्रात फोडलेला दगड. चिमूटभर घेऊन बोटांत चोळली की कडा टोचतात आणि दगडाची करडी भुकटी हाताला लागते. सिमेंटला ती चालते. माशाच्या तोंडाला आणि कल्ल्यांना नाही. नदीची वाळू वाहून वाहून गुळगुळीत झालेली असते. ती चाळून घेतली तर उत्तम. पोहण्याच्या तलावांच्या फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळूही चांगली.

सहलीहून आणलेली समुद्रावरची वाळू हा आणखी एक मोह. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, आणि तो पाणी हळूहळू जड व अल्कधर्मी करतो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिडांना असं पाणी मानवतं, ऑस्करला मऊ पाणी बरं. परीक्षा स्वयंपाकघरातच होते: कोरड्या वाळूवर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत, फसफसली तर चुना आहे. सह्याद्रीतला काळा दगड सहसा फसफसत नाही. पण त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतील तर व्हिनेगर त्यांच्यावर टाकून बघावं. त्यांतले काही कॅल्साइटचे निघतात.

चार फूट लांब, दोन फूट रुंद टाकीत तीन सेंटिमीटरचा थर द्यायला साधारण पस्तीस किलो वाळू लागते. ती बादलीत थोडी थोडी घेऊन तांदळासारखी धुवावी, वरचं पाणी नितळ होईपर्यंत. साबण अजिबात नको. थर याहून फार जाड केला तर खालच्या वाळूला प्राणवायू मिळत नाही आणि ती ढवळली की कुजक्या अंड्याचा वास सुटतो.

फ्लॉवरहॉर्न हा संकरित सिक्लिड पाळणारे बरेचजण तळाला काहीच घालत नाहीत. हे मोठे मासे घाणही मोठी करतात, आणि नुसत्या काचेवरची घाण नळीने दोन मिनिटांत ओढून घेता येते. सोयीचा विचार केला तर याला तोड नाही. पण उकरणं ज्याच्या रक्तात आहे त्याला गुळगुळीत काचेवर ठेवणं थोडं निष्ठुरच. शिवाय काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब बघून काही मासे अस्वस्थ होतात; टाकीखाली गडद कागद घातला की ते कमी होतं.

मोठे दगड ठेवायचे असतील तर ते आधी थेट तळावर, पातळ थर्मोकोल किंवा प्लास्टिकच्या जाळीवर, बसवावेत आणि वाळू मागाहून ओतावी. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली मासा एका रात्रीत बीळ करतो, दगड कलंडतो आणि काचेला तडा जातो. फिल्टरची ओढनळीही वाळूपासून चार बोटं वर हवी, नाहीतर मोटारीत कण जाऊन ती कुरकुरायला लागते.

एवढं सगळं नीट करून, वाळू सपाट करून दिवा मालवला, तरी सकाळी एका कोपऱ्यात काच उघडी पडलेली दिसते, दुसऱ्या कोपऱ्यात टेकडी उभी असते आणि हौसेने लावलेलं रोप पाण्यावर आडवं तरंगत असतं. ऑस्कर त्या टेकडीशेजारी थांबून काचेपलीकडे बघत असतो, कारण खाऊची वेळ झालेली असते.