पेडल रुसलंय? आधी त्याचं ऐकून घ्या!

घरी बनवलेलं गिटार पेडल पहिल्यांदा अ‍ॅम्पला जोडलं की दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर मनासारखा आवाज येतो आणि माणूस रात्री दोनपर्यंत झोपत नाही. नाही तर आवाज येतो, पण भलताच! आणि तरीही माणूस रात्री दोनपर्यंत झोपत नाही.

या दुसऱ्या गटातली मंडळी माझ्या ओळखीत वाढत चालली आहेत. दिवसा आयटी पार्कात, वीकएंडला बँडमध्ये आणि मधल्या वेळात हातात सोल्डरिंग आयर्न. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून पार्ट्‌स आणायचे आणि रविवारी ओव्हरड्राइव्ह पेडल जोडायला बसायचं. छंद झकास आहे. प्रॉब्लेम एकच. आवाज बिनसला की बहुतेक जण अंदाजाने एकेक पार्ट बदलत सुटतात.

माझ्या एका मित्राने तर एकच आयसी तीनदा बदलली, दर वेळी आधीपेक्षा महागडी. आवाजात तसूभर फरक नाही. शनिवारी बँडचा शो, आणि गडी ‘हे कचऱ्यात टाकतो, पुन्हा सोल्डरला हात लावणार नाही’ इथपर्यंत आलेला! मी म्हटलं, ‘थांब. वाईट आवाज म्हणजे नेमका कसा वाईट, ते सांग.’

या प्रश्नातच अर्धं उत्तर असतं.

आवाज काय सांगतोय?

‘मजा येत नाही’ ही तक्रार झाली, लक्षण नाही. डॉक्टरकडे गेल्यावर आपण ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगून थांबतो का? तसंच आहे हे.

पेडल चालू केल्यावर आवाजच गायब, पण बायपासमध्ये गिटार ठणठणीत? मग फूटस्विचचं वायरिंग, बॅटरी आणि ग्राउंड बघा. सूर विरताना फसफसून तुटतोय? व्होल्टेज गडबडलंय. सतत गूंऽऽ असा हम येतोय आणि डब्याला हात लावला की बदलतोय? ग्राउंड कुठे तरी सुटलाय. ड्राइव्ह वाढवल्यावर शिट्टी वाजतेय? इनपुट आणि आउटपुटच्या वायरी एकमेकींना खेटून गेल्या असतील. आवाज भलताच मोठा आणि कर्कश? डायोड नीट जोडले गेलेले नाहीत.

मित्राचं लक्षण वेगळंच होतं. ड्राइव्ह फुल्ल केला तरी जेमतेम खरखर, आणि खालच्या तारा नको तितक्या भरीव, घुमणाऱ्या. आता या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

पेडलच्या पोटात

त्याने बनवलेलं सर्किट म्हणजे आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरचा अवतार. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानमधून आलेलं हे हिरवं पेडल स्टीव्ही रे व्हॉनसारख्या गिटारिस्टच्या पायाखाली गाजलं आणि घरी पेडल बनवणाऱ्यांचं ते आजही लाडकं आहे. कारण आत फार काही नाही. ४५५८ नावाची आठ पायांची आयसी गिटारचा सिग्नल मोठा करते. तिच्या फीडबॅकमध्ये उलटसुलट तोंडं केलेले दोन डायोड बसलेले असतात. सिग्नल ठरावीक उंचीच्या वर गेला की ते त्याचे शेंडे गोलसर छाटतात. हाच तो ओव्हरड्राइव्ह!

सिग्नल किती मोठा होणार, हे ठरतं ड्राइव्हचा पॉट, ५१ के आणि ४.७ के रेझिस्टर यांच्या गणितावर. ड्राइव्ह शून्यावर असताना सुमारे १२ पट, फुल्ल केल्यावर सुमारे ११८ पट. तोच ४.७ के रेझिस्टर ०.०४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरसोबत आणखी एक काम करतो. ७२० हर्ट्‌झच्या खालच्या सुरांना तो कमी गेन देतो. म्हणून या पेडलचा आवाज बँडमध्ये गढूळ होत नाही, मधल्या पट्टीत उठून दिसतो.

मोजा, मगच बदला

पहिली पायरी अगदी घरगुती. गिटार थेट अ‍ॅम्पला जोडून बघा. केबल बदला. बॅटरी नवी घाला. ‘एवढं कोण बघतं’ म्हणून सोडू नका!

दुसरी पायरी मल्टीमीटर. साधा, काहीशे रुपयांचा पुरतो. तो डीसी व्होल्टेजवर ठेवा, काळी पिन ग्राउंडला लावा आणि आयसीचे पाय मोजा. आठव्या पायावर ९ व्होल्टच्या आसपास, चौथ्यावर शून्य, आणि पहिल्या व सातव्या पायावर त्याच्या निम्मे, म्हणजे ४.५ च्या आसपास. हे निम्मं व्होल्टेज सर्किटमधले १० केचे दोन रेझिस्टर तयार करतात. पहिल्या पायावर ८ किंवा १ दिसलं, तर आयसी उलटी बसलीय का, ते दोन रेझिस्टर बरोबर आहेत का, एखादा जोड ड्राय सोल्डर तर नाही ना, हे बघायचं. मित्राच्या पेडलमध्ये सगळे आकडे चोख. याचा अर्थ? पहिल्या दिवसापासून आयसी ठणठणीत होती. तीन आयसींचे पैसे पाण्यात!

तिसरी पायरी सगळ्यात मजेची, ऑडिओ प्रोब. एक जुनी गिटार केबल घ्या. एका टोकाचा जॅक कापून आतल्या वायरला १०४ लिहिलेला, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, कपॅसिटर जोडा. बाहेरची जाळी पेडलच्या ग्राउंडला. दुसरं टोक अ‍ॅम्पमध्ये, व्हॉल्यूम अगदी कमी. आता पेडलच्या इनपुटला मोबाइलवरून हळू आवाजात गाणं सोडा आणि कपॅसिटरचा मोकळा पाय सर्किटवर एकेका जागी टेकवत चला. जिथे आवाज बिघडतो किंवा गायब होतो, त्याच्या अलीकडेच चोर आहे. (हे उद्योग ९ व्होल्टच्या पेडलवरच करा हं! अ‍ॅम्प किंवा अडॅप्टर उघडू नका. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणं व्होल्टेज साठून राहू शकतं.)

आम्ही आयसीच्या तिसऱ्या पायावर ऐकलं, सिग्नल स्वच्छ. पहिल्या पायावर ऐकलं, थोडासाच मोठा. बास, चोर या दोघांच्या मध्येच!

लाल की नारंगी?

आता ती दोन लक्षणं आठवा. गेन कमी, खालचे सूर जास्त. दोन्हींशी संबंध असलेला पार्ट कोणता? तोच ४.७ के. तिथे बसलेल्या रेझिस्टरचे पट्टे होते पिवळा, जांभळा, नारंगी. म्हणजे ४७ के. हवा होता पिवळा, जांभळा, लाल. ट्यूबलाइटच्या उजेडात, तपकिरी अंगावर, लाल आणि नारंगी सख्खे भाऊ दिसतात.

गणितही जुळलं. दहापट मोठ्या रेझिस्टरमुळे फुल्ल ड्राइव्हचा गेन ११८ वरून १३ पटीच्याही खाली आला आणि ७२० हर्ट्‌झची सीमा ७२ वर घसरली. ड्राइव्ह मेला आणि बेस मोकाट सुटला. एका चिल्लर किमतीच्या पार्टने दोन्ही दुखणी लावली होती. तो बदलायला पाच मिनिटं लागली, आणि शनिवारी पेडल स्टेजवर होतं.

मला विचाराल तर या छंदाची खरी गंमत इथेच आहे. ऑफिसात बिघाडाचं खापर सर्व्हरवर, व्हेंडरवर, मागच्या टीमवर फोडता येतं. इथे तळहाताएवढ्या बोर्डवर मोजून तीसेक पार्ट, आणि त्यातला प्रत्येक जण विचारलं तर खरं उत्तर देतो.

तेव्हा पुढच्या खेपेला तीन गोष्टी कराच. सोल्डर करण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मल्टीमीटरवर मोजा. आयसीसाठी बेस वापरा, म्हणजे ती उपटून बघता येते. आणि पेडल चाललं की आयसीच्या आठही पायांची व्होल्टेज कागदावर लिहून डब्यातच ठेवा. सहा महिन्यांनी ते पुन्हा रुसलं, तर तोच कागद तुमची रात्र वाचवेल!