ध्वनिचालक आज्ञावलीतील विलंबाचे गणन

संगणकाने लिहिलेला ध्वनिनमुना त्याच क्षणी ऐकू येत नाही. तो काही काळ बफर या तात्पुरत्या स्मृतीत रांगेत थांबतो. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानात वक्त्याचे ओठ व शब्द जुळणे या प्रतीक्षेच्या अचूक गणनावर अवलंबून असते.

लिनक्स 2.6 (डिसेंबर 2003) पासून रूढ झालेल्या 'अल्सा' ध्वनिव्यवस्थेत मूळ सूत्र सोपे आहे : लिहिलेल्या फ्रेममधून वाजलेल्या फ्रेम वजा करून बाकीस नमुना दराने भागणे. सेकंदाला 48,000 फ्रेमच्या दराने 3,072 फ्रेम शिल्लक असल्यास विलंब 64 मिलिसेकंद होय. बफर वर्तुळाकार असल्याने प्रत्येक फेरीला त्याची पूर्ण लांबी मोजणीत मिळवावी लागते, एवढेच.

खरी अडचण पुढे आहे. यूएसबी उपकरणासाठी ड्रायव्हर नमुने बफरमधून उचलून आगाऊ पाठवणीस लावतो. बफरच्या हिशेबी ते संपले. कानाच्या हिशेबी ते अद्याप वाजायचेच असतात. अशा 384 फ्रेम वाटेत असतील, तर विलंब आणखी 8 मिलिसेकंदांनी वाढून 72 होतो. हा अतिरिक्त भाग नोंदविण्यासाठी अल्साने ड्रायव्हरला स्वतंत्र चल दिलेले आहे. आठ मिलिसेकंदांची चूक प्रेक्षकाच्या ध्यानीही येणार नाही. ब्लूटूथवर मात्र न मोजलेला विलंब 150 मिलिसेकंदांपुढे जाऊ शकतो, आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या शिफारशीनुसार ध्वनी सुमारे 125 मिलिसेकंद मागे पडला, की तफावत जाणवू लागते.

संगणकावर इलेक्ट्रॉनिक तबला वाजविणाऱ्यास मात्र अचूक गणनही तारत नाही. 72 मिलिसेकंदांत ध्वनी हवेतून सुमारे 25 मीटर जातो. म्हणजे आपला ठेका त्याला मंडपाच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारखा वाटणार. तेथे बफरच लहान करावा लागतो.