चार इंचांचा हिशेब

२००८ साली आम्ही गोंदियात आमचं छोटंसं घर बांधलं. ईदच्या आधी राहायला जायचं होतं, म्हणून शेवटच्या महिन्यात सगळ्या कामांची एकच घाई उडाली. फरशी बसवणारा मिस्त्री सालेकसा तालुक्यातला, वयानं तरुण, हाताला सफाई असलेला. फरशीची मजुरी चौरस फुटाला १२ रुपये ठरली होती. बैठकीची खोली, दोन खोल्या आणि मधली गल्ली मिळून ४७६ चौरस फूट झाले. तो हिशेब मिटायला पाच मिनिटंही लागली नाहीत. भांडण झालं ते भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या चार इंची पट्टीवरून, ज्याला सगळे स्कर्टिंग म्हणतात.

पट्टीची लांबी भरली १५४ फूट. मिस्त्री म्हणाला, फुटाला ८ रुपये, म्हणजे १२३२. मी बी.ए. झालेला माणूस, कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा. १५४ भागिले तीन, म्हणजे जेमतेम ५१ चौरस फूट. त्याला गुणिले १२, झाले ६१२ रुपये. ‘फरशी तीच, सिमेंट तेच, मग दुप्पट पैसे कशाचे?’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘चाचा, जमिनीवरची फर्शी बसते. ही बसवा लागते.’ मला तेव्हा हे नुसतं शब्दांशी खेळणं वाटलं. शेवटी ९०० वर तोडपाणी झालं आणि तो मान खाली घालून निघून गेला.

त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आता घरोघरी फरशीची कामं निघतात आणि घरोघरी हाच वाद होतो, म्हणून हा हिशेब नीट उलगडून सांगतो.

आधी ही पट्टी हवी कशाला? पोछा मारताना पाणी भिंतीला लागतं, झाडू लागतो, पलंगाचे पाय लागतात. पट्टी नसेल तर भिंतीचा रंग वर्षभरात खालून काळा पडतो आणि प्लॅस्टर ओल धरतं. शिवाय फरशी आणि भिंत यांच्यामध्ये थोडी फट राहतेच, तीही पट्टीखाली झाकली जाते. अमेरिकेत हीच पट्टी लाकडाची असते आणि तिची मजुरीही लांबीच्या फुटावरच लावतात. आपल्याकडे वाळवीच्या धाकानं लाकूड जमिनीला टेकवायची सोय नाही, म्हणून दगड किंवा टाइल.

पण पट्टी काही टाइलसोबत आलेली नाही. माझ्या लहानपणी आमचं घर मातीचं, कवेलूचं होतं. अम्मी जमीन सारवायची तेव्हा हात भिंतीवरही वीतभर चढायचा आणि सणासुदीला त्या पट्ट्यावर गेरू फिरायचा. धानाच्या या मुलखात पावसाळ्यात भिंतीचा पाय सांभाळणं हे मोठं काम. त्या वीतभर पट्ट्याचा दर कुणी कधी ठरवला नाही, कारण ते काम घरातल्या बायका करायच्या. पुढे शहाबादी आली, कडप्पा आला, राजस्थानातून कोटा आला आणि आता गुजरातेतल्या मोरबीहून ट्रकच्या ट्रक व्हिट्रिफाइड टाइल्स येतात. काम मिस्त्रीच्या हाती गेलं, पण ‘त्यात काय, एवढीशी पट्टी’ ही सवय आपल्या मनात तशीच राहिली.

आता कामाकडे पाहू. दोन बाय दोन म्हणतो ती टाइल खरं तर ६०० मिलिमीटरची असते. तिच्यातून सहा पट्ट्या काढायच्या म्हणजे पाच वेळा कापायचं. ब्लेड दर वेळी दोन-अडीच मिलिमीटर खातं. म्हणून पट्टी मोजायला गेलात तर पूर्ण चार इंच भरत नाही, थोडी कमीच निघते. घरमालकाला वाटतं फसवलं! पूर्ण चार इंचच हवी असेल तर एका टाइलमधून पाचच निघतात आणि उरलेला तुकडा वाया जातो. सहा पट्ट्यांपैकी फक्त दोघींना कारखान्याची गुळगुळीत कड मिळते. बाकी चौघींची वरची कड घासून काढावी लागते, नाहीतर ती हाताला लागते.

मग भिंत. प्लॅस्टर थेट जमिनीपर्यंत आलेलं असेल तर खालचे चार इंच टाचून काढायचे. नाही काढले तर पट्टी भिंतीच्या पुढे येते आणि तिच्या माथ्यावर कायमची धूळ बसते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे उभ्या भिंतीवर साध्या सिमेंटच्या घोळानं ती नीट धरत नाही. त्यासाठी वेगळा चिकट मसाला लागतो. भिंत ओळंब्यात नसेल, आणि ती सहसा नसतेच, तर मागची पोकळी भरत जायचं. जमिनीच्या सांध्याला पट्टीचा सांधा जुळवायचा. आणि कोपरे! आतल्या कोपऱ्यात दोन पट्ट्या एकमेकींना भिडवल्या की भागतं. पण खांब पुढे आला असेल तर बाहेरच्या कोपऱ्यावर दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत घासाव्या लागतात. घासताना कड उडाली की ती पट्टी गेली. एक खांब म्हणजे असे दोन कोपरे. हे सगळं उकिडवं बसून, नाकाशी ग्राइंडरची धूळ घेत.

म्हणजे श्रम क्षेत्रफळावर नाहीत, लांबीवर आहेत. पट्टी चार इंची असो की सहा इंची, मेहनत जवळपास तेवढीच. म्हणून जमीन चौरस फुटावर आणि पट्टी रनिंग फुटावर. मी ओळी मोजणारा माणूस, हे मला तरी आधी समजायला हवं होतं. सरकारी दरसूचीतही जमिनीची फरशी आणि भिंतीलगतची पट्टी ही कलमं वेगवेगळी असतात. ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत स्कर्टिंग, त्याहून वर गेली की डाडो.

दर कसा काढायचा? दिवसाच्या खर्चावरून. समजा मिस्त्रीची रोजी ९०० आणि हेल्परची ५००. ब्लेडची झीज वगैरे धरून आणखी १००. झाले १५००. सरळ भिंतींच्या खोलीत ही जोडी दिवसाला १०० फूट पट्टी बसवत असेल, तर फुटाला १५ रुपये हा नुसता खर्च झाला. खांबांची, दारांची गर्दी असेल आणि ७५ फूटच होत असतील, तर तोच खर्च २० वर जातो. ठेकेदाराचा हिस्सा त्याच्या वर. मसाला कुणाचा, प्लॅस्टर टाचायचं असेल तर ते पैसे यात आहेत की वेगळे, हे आधीच बोलायचं. आकडे गावागणिक बदलतील, रीत बदलणार नाही.

माझ्या २००८ च्या कामाला हीच रीत लावून पाहिली. तेव्हा मिस्त्रीला ३०० आणि हेल्परला १५० रोजी होती. पट्टीला त्यांचे दोन दिवस गेले होते. म्हणजे ९०० रुपये नुसती रोजी आणि वर ब्लेडचा खर्च. माझ्या ६१२ मध्ये त्याला पदरचे घालावे लागले असते. तोडपाणी करून मी दिले ९००, म्हणजे ब्लेड त्याच्याच खिशातून.

काही ठेकेदार भाव देताना म्हणतात, ‘पट्टी फरशीच्याच दरात धरा, वेगळं काय लिहायचं?’ ऐकायला सोपं वाटतं, पण यात एक गोम आहे. वीस बाय वीसच्या हॉलमध्ये ४०० चौरस फूट फरशीला पट्टी ८० फूट. दहा बाय दहाच्या खोलीत १०० चौरस फुटाला ४० फूट. म्हणजे खोली लहान झाली की फरशीच्या मानानं पट्टी दुप्पट! पंतप्रधान आवास योजनेचं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं. त्यात आडव्या भिंती घातल्या की पट्टीच पट्टी. बंगल्याच्या हॉलवरून ठरवलेला एकत्र दर घरकुलाला लावला की मिस्त्री बुडतो, आणि घरकुलावरून ठरवलेला बंगल्याला लावला की मालक. पहिलंच जास्त वेळा घडतं, कारण लहान घराच्या मालकापाशी वाढवून द्यायला पैसेच नसतात.

मोजताना दारांची रुंदी वजा करायची, खोलीच्या दोन्ही बाजूंनी. पण दाराच्या बगलेत पट्टी वळवली असेल तर ती लांबी मिळवायची. उंबरठा आणि खिडकीखालचा ग्रॅनाइट यांचाही हिशेब लांबीच्या फुटावर, कड गोल करून घ्यायची तर तिचा दर निराळा.

आणि माल. एका टाइलच्या सहा पट्ट्या, प्रत्येकी दोन फुटांची, म्हणजे टाइलमागे १२ फूट. १५४ फुटांना १३ टाइल्स, तूटफूट धरून १५. लोक जमिनीपुरते खोके आणतात आणि पट्टीच्या वेळी पुन्हा दुकानात धावतात. तोवर खोक्यावरचा बॅच नंबर बदललेला असतो आणि रंगात फरक पडतो. आमच्या मधल्या गल्लीची पट्टी आजही जमिनीपेक्षा किंचित पिवळी आहे.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावर दहा बाय दहाची एक खोली काढली. शोधून त्याच मिस्त्रीला बोलावलं. मधली काही वर्षं तो हैदराबादेत होता, आता हाताखाली तीन पोरं आहेत. त्यानं टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. ‘चाचा, तुमी धरा.’ परिमिती ४० फूट, दाराचे ३ वजा, राहिले ३७. पहिली टाइल लागायच्या आधी त्यानं पेन्सिलीनं भिंतीवर लिहिलं: फरशी इतके फूट, पट्टी ३७ फूट, बाहेरचे कोपरे २, आणि प्रत्येकासमोर दर. मीही वाचून मान डोलावली.

काम संपल्यावर पैसे देताना मी ३३२ रुपये वेगळे काढून दिले. कशाचे, ते त्यानं विचारलं नाही. मोजले मात्र. खिशात टाकत म्हणाला, ‘ब्याज राह्यलं, चाचा.’