मांजराचे डोळे काय सांगतात?



कणगीतल्या धान्याची राखण घरचे मांजर करते. बैलाचे खूर आणि डोळे आपण रोज पाहतो, मांजराकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. त्यातून हे जनावर आपले दुखणे लपवते. पण डोळ्यांत ते दिसते. त्या खुणा ओळखायला शिका.

निरोगी डोळा : डोळा स्वच्छ व चमकदार असतो. बाहुली उन्हात उभ्या रेघेसारखी बारीक होते, अंधारात मोठी व गोल होते. दोन्ही बाहुल्या सारख्याच हव्यात. लहान-मोठ्या दिसल्या तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. पिलांचे डोळे साधारण सात ते दहा दिवसांनी उघडतात. तेव्हा ते निळे असतात, पुढे रंग बदलतो. तो आजार नव्हे.

पांढरा पडदा : नाकाकडच्या कोपऱ्यातून पडदा येतो. झोपेत दिसला तर हरकत नाही. जागेपणीही दोन्ही डोळ्यांवर राहिला, तर जंत, हगवण किंवा दुसरा आजार असू शकतो. एकाच डोळ्यावर असेल, तर त्या डोळ्याला इजा झाली असेल किंवा कुसळ गेले असेल.

चिपडे : पिलांना सर्दीची लागण झाली की डोळे चिकटतात. पाणी उकळून कोमट करा व स्वच्छ कापडाने हलक्या हाताने पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळे कापड घ्या. घरात पडलेले माणसाचे मलम घालू नका. बुबुळावर जखम असेल तर काही मलमांनी ती चिघळते, डोळा जातो.

पापणी : खालची पापणी हळूच ओढून बघा. आतून गुलाबी हवी. पांढुरकी असेल तर अंगात रक्त कमी आहे. पिसवा, जंत किंवा विष खाल्लेला उंदीर खाणे ही त्याची कारणे असू शकतात. म्हणून विषारी आमिष ठेवलेच, तर मेलेले उंदीर लगेच खोल पुरा.

उजेडातही मोठी बाहुली : मांजर भिंतीला धडकते, उडी चुकते, म्हणजे नजर गेली समजा. 'मांजराला काय, दूध-भाकर पुरे!' असे आपण म्हणतो. पण टॉरिन नावाचे द्रव्य मांजराला मांस, मासळी आणि उंदरांतून मिळते, भाकरीतून नाही. दुधातल्या केसीन या प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांचा नेत्रपटल टॉरिनअभावी खराब होतो, हे १९७५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. नुसत्या दूध-भाकरीवर बांधून ठेवलेल्या मांजराला हाच धोका असतो. गेलेली नजर परत येत नाही. तेव्हा मांजराला शिकार करू द्या, मासळीची डोकी, मांसाचे तुकडे घाला.

सावधान! बाहुल्या ताठरलेल्या, लाळ गळते, आवाज बदलला, विनाकारण अंगावर येते, अशा वेळी मांजर पिसाळले असण्याची शक्यता आहे. जवळ जाऊ नका, मुलांना दूर ठेवा. चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि सगळी इंजेक्शने पुरी करा. हा रोग एकदा उमटला की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य.

आठवड्यातून एकदा, दूध घालताना, मांजराचे डोळे नीट बघा. खूण दिसली तर वेळ न दवडता पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.