जुन्या नाटकांचें पुनरुज्जीवन

एखादें लोकप्रिय जुनें नाटक पुनः रंगभूमीवर आलें, किंवा त्यावरून चित्रपट निघाला, कीं घरोघरीं एक वाद हटकून उपस्थित होतो. वडील मंडळी म्हणतात, "मुळांत हात घालण्याचा ह्यांना अधिकार काय?" मुलें म्हणतात, "जसेंच्या तसें दाखवावयाचें, तर पाहावयास बसणार कोण?" दोन्ही पक्षांत तथ्य आहे. म्हणून मूळ कृतीशीं निष्ठा म्हणजे नेमकें काय, ह्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांचें 'संगीत सौभद्र' १८८२ सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें. त्या काळीं संगीत नाटकांचे प्रयोग उत्तररात्रीपर्यंत चालत, आणि स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. पुढें हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगभूमीवर आल्या, प्रयोगाची वेळ आटोपशीर झाली, पदेंही कमी झालीं. प्रत्येक बारकावा जपणें हीच निष्ठा मानिली, तर आजही सुभद्रेचें काम पुरुषानेंच करावयास हवें! असा आग्रह कोणी धरीत नाहीं. खुद्द अण्णासाहेबांनीं तरी काय केलें? कथा पुराणांतली घेतली. परंतु त्यांची द्वारकेंतील माणसें महाराष्ट्रांतील एखाद्या घरच्या माणसांप्रमाणें रुसतात, थट्टा करितात, समजूत घालतात. म्हणजे हें नाटक जन्मास आलें तेंच मुळीं जुन्याला नवा पेहराव चढवून.

मग वाटेल तो फेरफार करावा काय? मुळींच नाहीं. सुभद्रेचें मन अर्जुनाकडे आहे, आणि बळराम तिला दुर्योधनास देऊं पाहतो. ही तिची व्यथा व ती दूर करणारें कृष्णाचें कपटनाटक हा त्या कथेचा प्राण होय. संगीत नाटकांत पद हें नुसतें शोभेसाठीं नसतें. जें बोलून दाखवितां येत नाहीं, तें पात्र गाऊन सांगतें. म्हणून गद्यांत येऊन गेलेलीच गोष्ट पुनः सांगणारें पद गाळलें तर फारसें बिघडत नाहीं. परंतु ज्या पदांत पात्राचें हृदय उघडें होतें तें गाळलें, तर तें पात्रच मुकें होतें.

दुसरें उदाहरण अलीकडचें आहे. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचें 'कट्यार काळजात घुसली' हें नाटक १९६७ सालीं आलें. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें होतें, व खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनीं केली. २०१० सालीं नाटक पुनः उभें राहिलें, तेव्हां तीच भूमिका वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनीं केली. २०१५ सालीं सुबोध भावे यांनीं त्यावर चित्रपट काढिला. त्यांत जुन्या पदांच्या जोडीस शंकर-एहसान-लॉय यांचीं नवीं गीतें आलीं, आणि पंडितजींच्या भूमिकेला नाटकांतल्यापेक्षां पुष्कळ अधिक वाव मिळाला. एवढे बदल होऊनही लोकांनीं चित्रपट उचलून धरिला. आमच्या मतें ह्याचें कारण असें, कीं विद्या थोर असूनही मत्सरानें पोखरलेला गवई आणि विद्येसाठीं अपमान सोसणारा शिष्य, हा मूळचा झगडा त्यांत शाबूत राहिला.

ह्याच्या उलट प्रकारही आम्हीं पाहिला आहे. एका जुन्या पौराणिक नाटकाच्या प्रयोगांत पात्रांच्या तोंडीं आजकालचे विनोद घातले होते. प्रेक्षागृह हंशानें दुमदुमलें. परंतु नायिका दुःखानें बोलूं लागली, तेव्हांही लोक हंसतच राहिले. शेजारीं बसलेल्या एका मुलानें वडिलांस विचारिलें, "बाबा, तुम्हांला हें एवढें कां आवडत असे?" वडिलांना उत्तर देतां येईना. नाटकाचें नांव तेवढें राहिलें होतें. वडिलांनीं ज्यावर प्रेम केलें होतें, तें मुलाच्या हातीं पडलेंच नाहीं. आमच्या मतें खरी हानि ती हीच.

तात्पर्य, वेळ, वेष, प्रकाशयोजना, पदांची संख्या हीं काळाबरोबर बदलावींत. कथेचा प्राण मात्र बदलूं नये. ज्याला तोच बदलावयाचा असेल, त्यानें नवें नाटक लिहून त्यास नवें नांव द्यावें. त्यांत कमीपणा नाहीं.

पालकांस आमची विनंति, कीं पडदा उघडण्यापूर्वींच "तो काळ आतां गेला" असें म्हणून मुलांचा उत्साह मावळवूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, नवा प्रयोग पाहून घरीं आल्यावर मूळ नाटक एकदां वाचा, आणि काय गेलें व काय राहिलें हें वडिलांबरोबर बसून ताडून पाहा. मग प्रारंभीं सांगितलेला वाद झाला तरी हरकत नाहीं. तो त्या नाटकाच्या प्रेमापोटींच होईल.