नवमाध्यमे व आंतरजालीय प्रसिद्धी यांचे अध्ययन

संगणक, भ्रमणध्वनी व आंतरजाल यांच्या द्वारे होणारे संज्ञापन आणि त्याच मार्गाने केली जाणारी जाहिरात यांचा पद्धतशीर अभ्यास. वृत्तपत्र, नभोवाणी, चित्रपट व दूरचित्रवाणी या माध्यमांत संदेश एका केंद्राकडून असंख्य लोकांकडे जातो आणि तो कोणी कसा स्वीकारला हे प्रेषकाला क्वचितच कळते. नवमाध्यमांत संदेश स्वीकारणारा स्वतःही प्रेषक होऊ शकतो. शिवाय त्याने काय पाहिले, किती वेळ पाहिले व पुढे कोणाला पाठविले यांची नोंद यंत्राकडे होत राहते. या दोन लक्षणांमुळे हा विषय पारंपरिक वृत्तपत्रविद्येत पूर्णपणे सामावत नाही. भाषा, संख्याशास्त्र, मानसशास्त्र व कायदा या चार विषयांच्या सीमेवर तो उभा आहे. [⟶ जाहिरात, संज्ञापन].

पार्श्वभूमी : प्रसिद्धीचे तंत्र नाशिक परिसराला नवे नाही. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटाच्या एका प्रसिद्ध जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि त्यासाठी अवघे तीन आणे, असा हिशेब मांडला होता. कथानकाचे गुणगान न करता वस्तूचे मोजमाप व किंमत शेजारी शेजारी ठेवण्याची ही युक्ती आजच्या जाहिरात-लेखकालाही अभ्यसनीय वाटेल. फाळके यांनी त्याच वर्षी आपले चित्रनिर्मितीचे केंद्र नाशिकला हलविले.

जागतिक जालाचे तंत्र १९९१ मध्ये संशोधनसंस्थांबाहेर उपलब्ध झाले व १९९३ मध्ये ते सर्वांना विनामूल्य खुले करण्यात आले. संकेतस्थळावरील पट्टीवजा जाहिरात अमेरिकेत ऑक्टोबर १९९४ मध्ये अवतरली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली. २००० मध्ये गूगलने शोधशब्दांशी निगडित जाहिरातींची सेवा सुरू केल्यावर लहान दुकानदारालाही थोड्या पैशांत जाहिरात देणे शक्य झाले. २०१६ नंतर भारतात भ्रमणध्वनीवरील आंतरजाल अतिशय स्वस्त झाले आणि हे माध्यम खेड्यांत पोहोचले. अभ्यासक्रमांची मागणी वाढली ती मुख्यतः यानंतर.

नाशिकमधील शिक्षणसोयी : यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना नाशिक येथे १९८९ मध्ये झाली. नोकरी वा शेती सांभाळून शिकणारा विद्यार्थी हा या विद्यापीठाच्या रचनेचा पाया असून वृत्तपत्रविद्या व जनसंज्ञापन हे विषय तेथे दूरशिक्षणाने शिकविले जातात. शहरातील हं. प्रा. ठा. कला व रा. य. क्ष. विज्ञान महाविद्यालय हे १९२४ पासूनचे असून तेथेही पत्रकारितेचे अध्यापन होते. खाजगी वर्गांची संख्या बरीच आहे. मात्र त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी एखाद्या कंपनीच्या जाहिरातयंत्रणेतील कळी कोठे दाबाव्यात एवढेच शिकविले जाते. अशी यंत्रणा वर्षा-दोन वर्षांत बदलते आणि विद्यार्थ्याजवळ फारसे काही उरत नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले. टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली आणि त्यावर जमविलेला प्रेक्षकवर्ग अनेक ग्रामीण कलावंतांना एका दिवसात गमवावा लागला.

लिपी व शोध : मराठी विद्यार्थ्याला प्रथम शिकावे लागते ते लिपीचे यंत्रांतर्गत स्वरूप. युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ पासून आहे. तथापि मराठी वृत्तपत्रे व प्रकाशने दीर्घकाळ आपापल्या स्वतंत्र टंकांवर अवलंबून राहिली. अशा टंकातील मजकूर पडद्यावर मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांचा निरर्थक समूह असे. परिणामी शोधयंत्राला तो सापडत नसे. त्या काळातील कितीतरी मराठी मजकूर आंतरजालावर असूनही नसल्यासारखा झाला. आजही संकेतप्रणालीतील बारकावे उपद्रव देतात. उदा., ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील ‘ऱ्या’ दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु अक्षरशः तुलना करणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. देवनागरीतील लघुसंदेशाची मर्यादा ७० वर्णसंकेतांची, तर रोमन लिपीतील संदेशाची १६० आहे. मात्रा, वेलांट्या व अनुस्वार स्वतंत्रपणे मोजले जात असल्याने मराठी संदेश आणखीच आखूड करावा लागतो.

शोधशब्दांची निवड ही यापुढची पायरी होय. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत याविषयी दिलेले नियम मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना नामाचे मूळ रूपच बदलते. ग्राहक ‘येवला पैठणी’ असे शोधील, ‘येवल्याची पैठणी’ असे शोधील किंवा रोमन लिपीत जमेल तसे लिहील. ‘नाशिक’ व ‘नाशकात’ यांचेही तसेच. शिवाय शहराचे रोमन नाव ‘एच’ हे अक्षर घालून व न घालता, अशा दोन्ही प्रकारे रूढ आहे. कोणत्या वर्गाचा ग्राहक कोणते रूप वापरतो हे पाहता पाहता विद्यार्थी भाषेचे निरीक्षण करू लागतो. व्याकरणाचा इतका रोकडा उपयोग अन्य व्यवसायांत क्वचितच आढळेल.

मापन : नवमाध्यमांतील प्रत्येक गोष्ट मोजता येते, या समजुतीमुळे आकड्यांवर फाजील विश्वास ठेवण्याची प्रवृत्ती बळावते. समजा, येवल्याच्या एका विणकराने जाहिरातीवर ५०० रुपये खर्च केले. ती १०,००० वेळा पडद्यावर आली. १०० जणांनी तिच्यावर टिचकी मारली. दोन पैठण्या विकल्या गेल्या. दर टिचकीचा खर्च ५ रुपये व दर पैठणीमागे २५० रुपये असा हिशेब निघतो. नवशिका येथे थांबतो. पुढचा प्रश्न असा की, हे दोन ग्राहक जाहिरात नसतीच तर आले नसते काय? कदाचित एकीने पैठणी घेण्याचे आधीच ठरविले असेल व जाहिरात तिला केवळ वाटेत भेटली असेल. याचे उत्तर मिळविण्यासाठी ग्राहकांचे दोन सारखे गट करून एकाला जाहिरात दाखवावी व दुसऱ्याला दाखवू नये, हा प्रयोगशास्त्रातील जुना मार्गच अवलंबावा लागतो. तसेच एका जाहिरातीने दोन व दुसरीने तीन पैठण्या विकल्या गेल्यास दुसरी सरस ठरत नाही. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. नमुना किती मोठा असावा हे ठरविण्यापुरते संख्याशास्त्र या अभ्यासक्रमात अपरिहार्य आहे, आणि नेमके तेच बहुधा गाळले जाते.

जाहिरातीची जागा बहुधा लिलावाने ठरते. ज्याची बोली मोठी त्यालाच जागा मिळते असे मात्र नाही. ग्राहकाच्या प्रश्नाशी जाहिरात कितपत सुसंगत आहे हेही यंत्रणा जोखते. म्हणून नेमका मजकूर लिहिणाऱ्याला कमी बोलीतही वरची जागा मिळू शकते. पैठणीच्या बाबतीत नेमकेपणा म्हणजे काय, हे वस्तू जाणल्याशिवाय कळत नाही. हातमागावर विणलेल्या पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. यंत्रमागावरील नकलेत मागील बाजूस सुटे धागे आढळतात. तेव्हा पदराच्या उलट बाजूचे छायाचित्र हीच अस्सल मालाची उत्तम जाहिरात ठरते.

कायदा व आचारसंहिता : नाशिक जिल्हा द्राक्षांप्रमाणेच वाइनसाठीही प्रसिद्ध आहे, आणि कायद्याचे बंधन समजून घेण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम (मूळ मुंबई अधिनियम, १९४९) मद्यसेवनास उद्युक्त करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो. द्राक्षमळ्यांतील पर्यटन, निवास, संगीतमहोत्सव यांची प्रसिद्धी मात्र होत असते. पर्यटनाची माहिती कोठे संपते व मद्याची आडून केलेली जाहिरात कोठे सुरू होते, ही सीमारेषा प्रसिद्धी-लेखकाला वाक्यागणिक ठरवावी लागते. पैसे वा भेटवस्तू घेऊन शिफारस करणाऱ्या व्यक्तींनी तसे स्पष्ट नमूद करावे, असा दंडक भारतीय जाहिरात मानक परिषदेने (स्थापना १९८५) २०२१ मध्ये घातला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ मध्ये आली. या अधिनियमानुसार अशा जाहिरातीबद्दल प्रथम दहा लाख व पुन्हा घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहकांची वैयक्तिक माहिती जमविणे व वापरणे यांसंबंधीचा स्वतंत्र कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

अफवा व प्रसाराची यंत्रणा : संदेश वेगाने पसरावा कसा, हे शिकविणाऱ्या विषयाने तो का पसरतो हेही शिकविणे भाग आहे. १ जुलै २०१८ रोजी नाशिकलगतच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी असल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांची हत्या केली. ते भिक्षा मागून उपजीविका करणाऱ्या भटक्या समाजातील होते. त्याच सुमारास मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले. पोलिसांनी त्याची सुटका केली. तत्पूर्वी काही आठवडे व्हॉट्सॲपवर मुले पळविली जात असल्याचे संदेश फिरत होते.

देशात त्या काळी पसरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक मूळची पाकिस्तानातील कराची येथील बालसुरक्षा-मोहिमेची जाहिरात होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे मुलाला उचलून नेतात, लगेच परत आणून सोडतात व पालकांना सावधगिरीचा फलक दाखवितात, अशी तिची रचना होती. शेवटचा भाग कापला गेला आणि लोकहिताची जाहिरात अपहरणाचा ‘पुरावा’ ठरली. जाहिरातीच्या विद्यार्थ्याला यात धंद्याचाच एक धडा आहे : ज्या संदेशाचा अर्थ केवळ अखेरच्या काही क्षणांवर अवलंबून असतो, तो कापला जाऊ शकतो हे रचनेच्या वेळीच गृहीत धरले पाहिजे. खुलासा प्रत्येक दृश्यात कोरलेला असावा. या हत्यांनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद असल्याने कंपनीला त्यातील मजकूर वाचता येत नाही, म्हणून मजकुराऐवजी वेगावर बंधन घालण्याचा हा उपाय होता. ओळखीच्या माणसाकडून आलेल्या संदेशावर लोक अधिक विश्वास ठेवतात हे तत्त्व विक्रेत्याला जितके उपयोगी, तितकेच अफवेलाही पोषक आहे.

सार्वजनिक माहितीचे कार्य : नाशिकमध्ये या ज्ञानाची खरी कसोटी सिंहस्थ कुंभमेळ्यात लागते. २७ ऑगस्ट २००३ रोजी येथील चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले. २०१५ च्या मेळ्यापूर्वी मूळचे नाशिकचे शास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ हा उपक्रम झाला व त्यातून गर्दीचा अंदाज घेणारी साधने पुढे आली. पायाखालच्या चटईवरून माणसे मोजणारे उपकरण हे त्यांपैकी एक. पुढील सिंहस्थ २०२६-२७ मधील आहे. अशा प्रसंगी कोणता घाट बंद आहे हे काही मिनिटांत आणि मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांत कळवावे लागते. ‘रामकुंडाकडे जाऊ नका’ एवढ्या सूचनेने लोक दुसरीकडे कोठे जावे ते न कळून जागीच थबकतात आणि मागून येणाऱ्यांचा रेटा वाढतो. म्हणून पर्यायी मार्गाचे नाव त्याच वाक्यात यावे लागते. संदेशावर वेळ घातलेली नसेल, तर दोन तासांपूर्वीची खरी सूचना पुढे पाठविली जात जात खोटी होते.