ठिपकीची भोवरी

कोंबडी एका पायावर उभी दिसली म्हणजे ती लंगडी झाली असं नव्हे. दुपारी चिंचेखाली आमच्या सगळ्याच कोंबड्या एकेक पाय पोटाच्या पिसांत ओढून पेंगत असतात. ठिपकीचं वेगळं होतं. दाण्याची परात वाजली की सगळ्यांना ढोसून पहिली पोचणारी ही बाई त्या दिवशी शेवटी आली, दोन पावलं टाकून थांबत. मी बघतेय असं कळताच बऱ्यापैकी सरळ चालायला लागली. कोंबडी दुखणं लपवते. कळपात दुबळं दिसणं तिला परवडत नाही. त्यामुळे आपल्याला लंगडणं दिसतं तेव्हा दुखणं बरंच मुरलेलं असतं.

शेजारच्या मावशींनी कुंपणापलीकडूनच उपाय सांगितला, "वैनी, लंगडतीया ती. वाळायच्या आत रस्सा करून टाका." यात क्रूरपणा काही नाही, कोंबडी आम्हीही खातो. पण सासूबाईंनीच विषय संपवला, "नाव ठेवलं तवाच रस्सा गेला."

कोंबडी तपासायची तर अंधार पडू द्यावा. दिवसा अंगणभर पळवून आपली दमछाक होते, तिचा पाय आणखी दुखावतो. रात्री मात्र खुराड्यातून पपई उचलावी तशी उचलता येते. जुन्या टॉवेलात पंखांसकट गुंडाळलं, टोक डोक्यावर टाकलं की गप्प. फक्त छाती आवळायची नाही. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड वरखाली हललं तरच हवा आत जाते, आणि प्रेमाने घट्ट धरलेली कोंबडी मांडीवर गुदमरू शकते.

दोन्ही पाय एकदम चाचपले, म्हणजे फरक बोटांना कळतो. वरून सुरुवात केली. आपण ज्याला कोंबडीचा उलटा गुडघा म्हणतो तो खरं तर घोटा. गुडघा वर पिसांत दडलेला असतो, हे मला तंगड्या खाऊनही कधी कळलं नव्हतं. हाड शाबूत होतं, सांधे सारखे होते. तळपाय मात्र एक गार आणि एक गरम. गरम पायाच्या मधल्या गादीवर हरभऱ्याएवढी काळी, टणक खपली, भोवती सूज. सासूबाई म्हणाल्या, भोवरी. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली, तर ते म्हणाले, बंबलफूट. पायाच्या गादीला बारीकशी चीर पडते, तीतून जंतू शिरतात, बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस, आणि वरून खपली धरते. आत पू होतो, पण माणसासारखा वाहता नाही. पू पातळ करणारं विकर पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींत नसल्यामुळे तो घट्ट गोळा होऊन बसतो. म्हणून दाबून काही निघत नाही, आणि घरी दाबत बसूही नये.

चीर कशाने पडली, याचं उत्तर आमच्याच अंगणात होतं. पूर्वी या कोंबड्या रात्री डालग्याखाली, मातीवर झोपायच्या. आम्ही हौसेने नवं खुराडं बांधलं, खाली कोबा केला आणि बसायला पाच फुटांवर लोखंडी नळी टाकली. रोज पहाटे पाच फुटांवरून सिमेंटवर उडी, आणि रात्रभर गोल, बारीक नळीला धरून बसणं. कोंबडीचा पाय घोट्यात दुमडला की शिरा ताणल्या जातात आणि बोटं आपोआप मिटतात. लहानपणी कापलेल्या कोंबडीच्या पायाची पांढरी शीर ओढून आम्ही भावंडांना चिमटे काढायचो, तीच ही करामत. तिच्यामुळे झोपेत कोंबडी पडत नाही. पण पाय बारीक नळीवर मिटला की सगळा भार गादीच्या एकाच ठिकाणी येतो.

डॉक्टरांनी खपली भिजवून सोडवली आणि आतून तुरीच्या डाळीएवढा पिवळट खडा काढला. ठिपकीचं वजन भरलं 1 किलो 600 ग्रॅम, त्या हिशेबाने औषधाचे थेंब ठरले. घरातली माणसांची गोळी चुरडून द्यायची नाही, आणि औषध चालू असताना व नंतर सांगेपर्यंत अंडं खायचं नाही, असं दोनदा बजावलं.

पुढचं काम माझं. संध्याकाळी घमेल्यात कोमट पाणी, मूठभर मीठ, आणि त्यात ठिपकी उभी. पहिल्या दिवशी तिने मला नखशिखांत भिजवलं. तिसऱ्या दिवशी पाणी पायाला लागताच डोळ्यांवर खालच्या पापण्या चढल्या आणि ती उभ्याउभ्या डुलायला लागली. मग पाय टिपायचा, आयोडीनचा बोळा, त्यावर घडी, त्यावर स्वतःलाच चिकटणारी पट्टी. ही पट्टी बोटभर रुंद कापायची, बोटांच्या बेचक्यांतून तिरकी काढत पायाच्या नळीवर दोन वेढे देऊन संपवायची. माझी पहिली पट्टी सुरेख दिसत होती. तासाभराने हात लावला तर बोटं थंडगार आणि फुगलेली. धावत कापली. तेव्हापासून पट्टी बांधली की अर्ध्या तासाने बोटं चाचपायची, हा नेम.

दिवसा ती एकटी, जाळीआड, भाताच्या तुसावर. जाळी मात्र बाकीच्यांसमोर. कोंबड्यांत टोच मारण्याचा क्रम ठरलेला असतो. नॉर्वेच्या श्येल्डरूप-एब्बेने 1921 साली तो लिहून काढला, पण तो आमच्या सासूबाईंनाही पाठ आहे. "चार दिस आड ठिवली तर वळखायच्या न्हाईत, फाडतील." शिवाय लाल जखम दिसली की मैत्रिणीही टोचतात.

दुसऱ्या दिवशी विष्ठा हिरवीगार पातळ झाली, म्हणजे पोटात दाणाच नव्हता. पाणी दोन हातांवर होतं, तेवढंही ती चालत नव्हती. वाटी तोंडापाशी सरकवली, ताकात भिजवलेली भाकरी दिली, अंडं उकडून कुस्करलं. "अगं, तिचंच तिला?" सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. ठिपकीने चाटूनपुसून खाल्लं.

तीन आठवड्यांनी गादी गुलाबी आणि मऊ झाली. तोवर खुराड्यातली लोखंडी नळी निघाली होती. दीड फुटावर कडा गोल केलेली रुंद लाकडी पट्टी, खाली तूस. संध्याकाळी ठिपकीला बाकीच्यांत सोडलं. पूर्वी तिच्यापुढे मान खाली घालणाऱ्या तांबडीने डोक्यात टोच मारली, ठिपकी दबून बाजूला झाली. पुन्हा एक टोच, मग कोणी लक्ष दिलं नाही. दिवेलागणीला एकेक जण लाकडी पट्टीवर चढली. ठिपकी खाली उभी राहून मान वाकडी करून पट्टीकडे बघत राहिली, मग वळली, आणि कोपऱ्यात पालथ्या पडलेल्या जुन्या डालग्यावर चढून बसली.

आता तिथेच झोपते. परवा तांबडीही तिथे चढायला बघत होती.